नानांचा शुक्रवार

झाकणावरचं कुंकू अजून गेलेलं नाही. जरा काळवंडलंय, पण मधोमध काढलेलं स्वस्तिक नीट ओळखू येतं.

गेल्या आठवड्यात गावी, आळ्याला गेले होते. आमच्या दुकानापुढचा रस्ता रुंद होणार आहे आणि दुकानाची पुढची भिंत त्यात जाणार आहे. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोनवर फर्मान काढलं, "तुझं काय ऱ्हायलं आसंल तर घिऊन जा बये. न्हाईतर भंगारवाला यितोय सोमवारी." पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायच्या दुकानात माझं काय राहणार, असं म्हणत गेले. लाकडी कपाटात वार्निशच्या रिकाम्या डब्यांमागे निळ्या चौकड्यांच्या शर्टात गुंडाळलेलं काहीतरी होतं. शर्ट मी लांबूनच ओळखला. तो नानांचा शुक्रवारचा शर्ट होता. आत आमचं नेटबुक होतं.

हल्लीच्या मुलांना नेटबुक म्हणजे काय तेही सांगावं लागतं. लॅपटॉपचं धाकटं भावंड, शाळेच्या वहीएवढं. बटणं इतकी जवळजवळ की माझं एक बोट तीन अक्षरं दाबायचं. मी ते नाकाशी नेलं. प्लॅस्टिकलाही वार्निशचा वास लागला होता आणि त्या वासासरशी अख्खं दुकान पुन्हा भरून उभं राहिलं. तांब्याच्या तारेची रिळं, भट्टीत वार्निश वाळत असतानाचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास, जळक्या मोटारीचा करपट वास, आणि दाराशी बसलेले कोणी ना कोणी शेतकरी, ज्यांचा कांदा पाण्यावाचून वाळत चाललेला असे आणि मोटार कालच हवी असे.

नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे बोलणंही नव्हतं. पण लोणीपासून ओतूरपर्यंत मोटार भरावी, म्हणजे तिची जळकी तार काढून नवी गुंडाळावी, तर त्यांनीच, असा लौकिक. मोटार चालू करून ते तिच्यावर तळहात ठेवत आणि डोळे मिटत. बेअरिंग गेलंय की कॉइल कमी भरलीये, ते त्यांच्या हाताला कळे. लोक म्हणत, "आमाला दोन कान आसून ऐकू यीना, ह्यांना हातानं ऐकू येतंय."

घरात बोलायला आमची एक खुणांची भाषा होती. ती कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. मिशीला पीळ म्हणजे दादा. कपाळावर बोट म्हणजे आई. हनुवटीवर बोट म्हणजे माझी थोरली बहीण, ताई, कारण तिथं तिला तीळ आहे. आणि नाक ओढलं की मी, कारण पाचव्या वर्षापर्यंत माझं नाक वाहायचं. मी बीएस्सीला गेले तरी माझं नाव नाकच राहिलं. तळहात हुंगला की 'जळलं'. हाताचा पंजा खाली दाबला की 'थांब'. ही भाषा सगळ्यात छान बोलायची ती ताई. ती आणि नाना बोलायला लागले की दोघांच्या बोटांना दम नसायचा आणि अख्ख्या आळ्याची निंदानालस्ती तासाभरात आवाजाशिवाय आटपायची.

ताईला मस्कतच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. गणपती झाल्यावर ती गेली. जाताना हे नेटबुक देऊन गेली, तिच्या पुण्यातल्या एका ओळखीच्याकडून आणलेलं. त्यात लिनक्स नावाची सिस्टीम होती, कारण नेहमीची सिस्टीम त्या लहानग्या जिवाला झेपत नव्हती. आम्हाला फोन चालत होता. नानांना फोनचा काय उपयोग? त्यांच्याशी बोलायचं तर दिसावं लागे. म्हणून ठरलं, की शुक्रवारी ताईला सुट्टी, तर शुक्रवारी चार वाजता ती पडद्यावर येणार.

इंटरनेट आमच्याकडे नव्हतं. ते रस्त्यापलीकडच्या दूध डेअरीत होतं. डेअरीचे सेक्रेटरी मोठे सावध. म्हणाले, "वायरला हात लावायचा न्हाई. माझं फॅटचं मशीन बंद पडंल. हवेतनं काय न्यायचं त्ये न्या." वायफायची इतकी सोपी व्याख्या मला पुढे कुठल्या पुस्तकात सापडली नाही.

पहिले दोन शुक्रवार काय सांगावेत! नाना दुपारी दुसऱ्यांदा अंघोळ करत. हाताचं वार्निश निघेपर्यंत रॉकेलनं घासत. निळ्या चौकड्यांचा शर्ट, केसांना तेल, आणि साडेतीनलाच पडद्यासमोर. चारला ताई दिसायची आणि दोघं सुरू. दादा मागं उभे राहून "हॅलो! हॅलो! आवाज येतोय का?" म्हणून ओरडत. ज्या कॉलमध्ये कुणीच बोलत नव्हतं त्यात आवाजाची काळजी करणारा तो एकटा माणूस होता. नाना त्यांना कोपरानं बाजूला सारत, कारण दादा उजेड अडवत.

आणि मग मी शहाणपणा केला.

कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर लिनक्सच्या नव्या आवृत्तीची सीडी आली होती. माझ्या मैत्रिणीनं ओतूरच्या कॉलेजातल्या लॅबमध्ये ती पेनड्राइव्हवर उतरवून दिली. नवी म्हणजे चांगली, एवढंच माझं शास्त्र. सोमवारी जुनी पुसून नवी घातली. रंग सुंदर आले, अक्षरं सुबक आली, आणि वायफाय गेलं. ज्या कोपऱ्यात डेअरीचं नाव दिसायचं तिथं काहीच नव्हतं.

नेटबुकमध्ये वायफायची एक चिप असते. त्या चिपशी कसं वागायचं हे सिस्टीमला सांगणारा एक लहानसा प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. नव्या आवृत्तीत आमच्या चिपचा ड्रायव्हर नव्हता. तो इंटरनेटवर फुकट मिळत होता. पण इंटरनेट सुरू व्हायला ड्रायव्हर हवा. मला वाटलं, हे दादांना समजावणं कठीण जाणार. दादांनी पान जुळवता जुळवता ऐकलं आणि म्हणाले, "मंग त्यात काय आवघाड? पंपाचं आसंच आस्तंय. पानी वडायचं तर आदी पंपात बादलीभर पानी वतावं लागतं. कोरडा पंप पानी वडत न्हाई. जा, बादली घिऊन ये कुटनंतरी."

एवढं स्वच्छ मला कुणीच सांगितलं नव्हतं. बादली आणायला मी ओतूरला निघाले.

कॉलेजच्या लॅबमध्ये इंटरनेट होतं, पण ते कागदोपत्री. एसटी स्टँडाजवळ एक कॅफे होता. चार मशीन, तीन चालू, भिंतीवर पाटी : 'परके मशीन जोडू नये.' मालक स्टुलावर बसून वडापाव खात असायचे. मी नेटबुक पिशवीतून काढलं की ते वडापाव खाली ठेवत. "पावणं, ते आत ठेवा. त्याच्यातनं व्हायरस येतोय." मी म्हणाले, लिनक्सला व्हायरस लागत नाही. ते म्हणाले, "त्याला नसंल लागत. आमच्याला लागतो ना!" पेनड्राइव्ह मात्र चालत होता, अगरबत्तीसारखा तीनदा ओवाळून लावायचे.

चिपचा नंबर मी तळहातावर लिहून नेला होता. परदेशातल्या कुणा अनोळखी माणसाला हाच त्रास झाला होता आणि त्यानं उपाय लिहून ठेवला होता. फाइल उतरवली, एसटीनं घरी आले, पेनड्राइव्ह लावला. फाइल म्हणाली, मी एकटी येणार नाही, आधी ह्या पाच जणींना आणा. आमच्याकडे लग्नात एका घराला बोलावणं गेलं की अख्खी भावकी बोलवावी लागते, तोच प्रकार. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओतूर. पाच जणी आणल्या. त्यातल्या दोघींच्या आणखी तिघी निघाल्या. तिसऱ्या दिवशी त्या आणल्या, तेव्हा कळलं की मुळातली जी पहिली, ती मागच्या आवृत्तीची आहे आणि आमच्या घरात तिचं कुणाशी जमणार नाही.

तोवर शुक्रवार आला. चार वाजता नाना शर्ट घालून बसले. पडदा तसाच. मी खुणेनं सांगितलं, मशीन बिघडलंय. नानांनी हनुवटीवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं : ताई? मी सांगितलं, ताई ठीक आहे. ताईचा फोन आला होता, आम्ही सगळे तिच्याशी बोललो होतो. पण 'ठीक आहे' ही खूण नानांना कधीच पटत नसे. त्याला कारण होतं. त्यांची आई गेली तेव्हा ते चौदा वर्षांचे होते आणि तालुक्याच्या दवाखान्यातून परत आलेला प्रत्येक माणूस त्यांना दोन दिवस हीच खूण करत होता. घरातले सगळे मिळून एखादी गोष्ट लपवतात तेव्हा हात असा करतात, असंच ते शिकले होते.

त्या दिवशी त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला आणि पुढं दोन दिवस धड जेवले नाहीत. भरायला आलेली लोणीची मोटार तशीच पडून राहिली. आई म्हणाली, "त्येंला वाटतंय पोरीचं काय बरंवाईट झालंय. तू कर बाई त्या डबड्याचं काय ते." हे माझ्यामुळं झालं होतं. त्या आठवड्यात मला भूक नव्हती हेही खरं, पण माझी भूक कुणी मोजत नव्हतं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्या दुकानात सगळ्या अवजारांची पूजा. पक्कड, पाने, मीटर, तार गुंडाळायचं यंत्र, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचं. काम करणारं प्रत्येक यंत्र देव, असा नियम, आणि न चालणाऱ्या यंत्राला तर देवाची जास्तच गरज, असं आईचं म्हणणं. तिनं नेटबुकही पाटावर ठेवलं. आईचा हात सढळ. कुंकू ओलं करून स्वस्तिक काढलं, वर अक्षता, झेंडूचं फूल, आणि थोडं पाणीही शिंपडलं. मी ओरडले तेव्हा म्हणाली, "देवाच्या कुंकवानं कदी कुनाचं बिगाडलंय व्हय?" मग मीच घाईघाईनं ओल्या फडक्यानं ते पुसायला गेले, तर स्वस्तिक गेलं नाही आणि बाकीचं कुंकू कडेच्या फटींत गेलं.

दसऱ्याच्या सोन्याचा पाचोळा दारात होता, घराघरांतून दिवाळीच्या भाजणीचा वास सुटायला लागला होता, आणि मी अंगणात त्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करत बसलेली असे. कमांड वहीच्या मागच्या पानावर उतरवलेल्या. उजेड असेपर्यंतच बसायची परवानगी, कारण शेजारच्या उसात बिबट्याची मादी पिल्लं घेऊन होती आणि दादांच्या मते तिला वायफायशी काही घेणंदेणं नव्हतं.

नाना येऊन शेजारी उभे राहात. माझ्या खांद्याला हात लावत. मी पडद्यावरची नजर न काढता पंजा खाली दाबत असे : थांब. ते थोडा वेळ थांबत. मग पुन्हा बोटानं खांदा. पुन्हा माझा पंजा : थांब. एकदा त्यांनी नेटबुकच्या कडेकडे बोट केलं. मला वाटलं, आता हे मशीन उघडायचं म्हणतात. दुकानातल्या माणसाला दुसरं काय सुचणार! मी सरळ पाठ फिरवून बसले. ज्या माणसाशी बोलायचं तर त्याच्याकडे बघावंच लागतं, त्याला गप्प करायचं असेल तर नुसती पाठ फिरवली तरी पुरते. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. घाईत होते.

त्यानंतरचा शुक्रवारही कोरडा गेला. नानांनी त्या दिवशी शर्ट खुंटीवरून काढलाच नाही.

पुढच्या गुरुवारी मी ओतूरहून योग्य फाइल आणली. सगळी भावकी बरोबर होती. शुक्रवारी सकाळी एकेक कमांड दिली. एकही तक्रार नाही. कोपऱ्यात बघितलं, तर डेअरीचं नाव नाही. मग त्या परदेशी माणसानं लिहून ठेवलेली शेवटची कमांड दिली. उत्तर आलं : 'हार्ड ब्लॉक्ड : येस.' मी त्याचा अर्थ लावला, की चिपच गेली. पाणी शिंपडलं तेव्हाच जळली असणार. मी वही फेकली, आईवर ओरडले, आणि कॉलेजला जाते म्हणून निघाले. कॉलेजला गेलेच नाही. ओतूरच्या स्टँडावर बाकावर बसून रडले आणि तीनच्या एसटीनं परत आले.

दुकानात शिरले तर नानांच्या बाकावर, मीटर आणि पकडीच्या मधोमध, नेटबुक. नाना भिंग लावून त्याच्या कडेवर वाकलेले. एका हातात सुई, दुसऱ्या हातात वार्निशचा सगळ्यात बारीक ब्रश, शेजारी वाटीत थिनर. मी किंचाळले. अर्थात त्याचा काही उपयोग नव्हता. मी धावत जाऊन त्यांचा हात धरणार, एवढ्यात त्यांनी माझ्याकडे न बघता पंजा खाली दाबला.

थांब.

मी थांबले. त्यांनी सुईच्या टोकानं कडेच्या एका खाचेतून काहीतरी उचललं आणि माझ्या तळहातावर, चिपचा नंबर लिहिला होता तिथंच, ठेवलं. तांदळाचा एक दाणा होता, कुंकवानं माखलेला.

मग नानांनी मला दाखवलं, सावकाश, ढ मुलीला दाखवावं तसं. कडेला एक नखाएवढी सरकती कळ होती. ती उजवीकडे असली की तिच्याखाली हिरवी पट्टी दिसते. मशीन घरात आलं त्याच दिवशी नानांनी ते चारी बाजूंनी पाहून ठेवलं होतं. कपाळावर बोट : आई. चिमटीनं अक्षता टाकल्याची खूण. मग नाक ओढलं, आणि फडक्यानं पुसल्याची खूण, जोरात, डावीकडे. पुसताना कळ मीच सरकवली होती, आणि अक्षतेचा दाणा मागं पाचरीसारखा बसल्यामुळं ती परत फिरत नव्हती. वायफाय बंद करायची कळ होती ती; 'हार्ड ब्लॉक्ड' म्हणजे तेवढंच. ड्रायव्हर नव्हता हे खरंच होतं, पण तो आल्यावरही दार बाहेरून बंद होतं, आणि हे घरात एका माणसाला खंडेनवमीपासून माहीत होतं. तो रोज सांगायला येत होता.

त्यांनी नखानं कळ सरकवली. हिरवी पट्टी दिसली. कोपऱ्यात डेअरीचं नाव उगवलं.

चारला दहा मिनिटं होती. नानांनी अंघोळ केली नाही. थिनरच्या हातांनीच शर्ट चढवला, बटणं एक घर चुकवून लावली. ताई दिसली. तिनं दोन्ही हात उचलले आणि तिच्या काही बोलण्याआधीच नाना ढसाढसा रडायला लागले. ते रडताना आवाज येतो हे मला त्या दिवशी कळलं. दादा नेहमीप्रमाणे मागं उभे होते, पण त्यांनी हॅलो म्हटलं नाही. ते बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

रडणं आवरल्यावर नानांनी पहिली बातमी दिली. नाक ओढलं, नेटबुककडे बोट केलं, आणि तळहात हुंगला. हिनं मशीन जाळलं. ताई तिकडं मस्कतमध्ये पोट धरधरून हसली. मी सफाई द्यायला पुढं झाले, तर कोपरानं बाजूला सारली गेले. मी उजेड अडवत होते.

आता नाना नाहीत. कॅफेच्या जागी मोबाइलचं दुकान आहे, आणि वायफाय बिनबोभाट चालतं, त्यामुळं त्याच्याशी कुणाची ओळखच होत नाही. नानांची भाषा ताईला आणि मला येते, दादांना मोडकीतोडकी. आम्हा दोघींना बोलता येतं, ऐकू येतं, तेव्हा खुणा कशाला करायच्या? नाना गेल्यापासून ती भाषा कुणी बोललेलं नाही.

कपाटापाशी बसूनच मी ताईला व्हिडिओ कॉल लावला. ती अजून तिकडंच आहे, केस पिकलेत. झाकणावरचं कुंकू दाखवलं, कडेची कळ दाखवली. मग मला वाटलं, चालू करून दाखवावं, म्हणून मी कपाटात चार्जर शोधायला लागले. फोनमधून ताईचा आवाज येईनासा झाला होता. मी न बघताच एक हात मागं केला आणि पंजा खाली दाबला : थांब.

दाबला आणि माझा पंजा मलाच दिसला. मी चार्जर तिथंच सोडला आणि फोन वार्निशच्या डब्याला टेकवून ठेवला. ताई बोलत नव्हती. तिचे दोन्ही हात वर होते. मी समोर बसले, माझे हात मोकळे केले, आणि तिचं सगळं सांगून होईपर्यंत बघत राहिले.